आजोबांच्या बंदुकीचा कागद तपासतात, नळी कोण तपासणार?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांत जुन्या घराच्या माजघरात गेलात, तर कधी कधी भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी, एक बंदूक टांगलेली दिसते. आजोबांनी घेतलेली, काही घरांत पणजोबांची. शेताच्या राखणीला म्हणून ती आली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, तिकडे वरंधच्या बाजूला, उमरठ-कुडपणच्या रानात भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात. वरकसावरची नाचणी-वरी तर कणसात भरण्याआधीच अर्धी जाते. अशा ठिकाणी १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या काळापासून सरकार राखणीसाठी परवाना देत आले. फौजी आंबवड्यासारख्या गावांत तर घरटी सैनिक, तेव्हा हत्याराशी ओळख नवी नव्हती.

ती पिढी गेली. बंदूक राहिली. आज ती ज्याच्या वाट्याला आली आहे तो नातू महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो किंवा मुंबईला असतो, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. त्याच्या आजाला त्या बंदुकीची खोड न खोड ठाऊक होती. किती दारू घालायची, घोडा किती ढिला झाला आहे, कोणती नळी वापरायची नाही, हे त्याच्या हाताला माहीत होते. हे ज्ञान कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही. नातवाच्या हाती आले ते लायसन आणि लोखंड. आणि डुकरांनी शेत उकरले की चार जण म्हणतात, अरे, घरात बंदूक आहे ना तुझ्या? काढ की बाहेर.

वाचकहो, ती बाहेर काढण्याआधी हे वाचा.

पहिली गोष्ट, बंदूक रिकामी आहे असे कधीही धरून चालू नका. काडतुसाची असेल तर मोडून पाहता येते. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे ती ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची. ती मोडून बघता येत नाही. जुन्या माणसांची रीत अशी की राखणीला जाताना बार भरायचा, जनावर आलेच नाही तर पहाटे टोपी काढून ठेवायची आणि बंदूक तशीच भिंतीला. दारू वाया का घालवायची? अशा किती बंदुका भरलेल्या अवस्थेतच मालकाच्या मागे राहिल्या असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. टोपी नाही म्हणून धोका नाही, हेही खरे नाही. एक ठिणगी पुरते.

ती रिकामी आहे की भरलेली हे ओळखण्याची रीत सोपी आहे. आधी निपलवर टोपी आहे का पाहा. टोपी असेल आणि घोडा तिच्यावर टेकलेला असेल तर बंदूक आपटू नका, ढकलू नका. जुन्या घोड्यांना मागे सरकून थांबण्याची सोय नसते; वरून बसलेला एक ठोका बार काढायला पुरेसा होतो. बंदुकीचे तोंड मोकळ्या बाजूला धरून घोडा अंगठ्याखाली घट्ट धरत मागे घ्या, टोपी काढा. त्याचा सराव नसेल तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. मग एक लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी त्यावर खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाशी ठेवल्यावर दुसरे टोक निपलच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते बार असेल, गांधीलमाशीचे घर असेल किंवा कुणी कोंबलेली चिंधीही असेल. तुम्ही बारच समजायचे. हे सगळे करताना तोंड कधीही नळीच्या तोंडासमोर आणू नका. डबल बार असेल तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा.

भरलेली निघाली तर? पाणी ओतून दारू मारली असे सांगणारे भेटतात. वर घट्ट बोळा ठासलेला असतो, पाणी खाली पोचले की नाही हे कळत नाही. तापवून, ठोकून, खिळा घालून बार काढायचा तर प्रश्नच नाही. ‘आकाशात उडवून टाकतो’ हेही नको. ज्या नळीत वीस वर्षे दारू ओल धरून बसली तिचा तळ आतून किती खाल्ला गेला हे बाहेरून दिसत नाही. टोपी काढलेली बंदूक कुणी हात लावणार नाही अशी बाजूला ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. बार काढणे हे परवानाधारक बंदूक-कारागिराचे काम आहे.

आता लोखंडाकडे वळू. आपल्या भागात आढळणाऱ्या जुन्या बंदुका ढोबळ मानाने दोन जातीच्या. एक ठासणीची, आणि दुसरी बारा बोरची काडतुसाची, एकनळी किंवा डबल बार, बरीचशी विलायती. विलायती बंदुकीच्या नळ्या काढल्या की खालच्या बाजूला बारीक ठसे दिसतात. हे ठसे म्हणजे त्या बंदुकीची जन्मपत्रिका. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळ्यांची चाचणी घेणारी सरकारमान्य घरे आहेत; बर्मिंगहॅमचे १८१३ सालचे. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, टिकली तर ठसा मारतात. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यापासून चाचणीत न उतरलेली बंदूक विकणे हा गुन्हा आहे, आणि नळी नंतर घासून पातळ झाली तर जुना ठसा चालत नाही, पुन्हा चाचणी घ्यावी लागते. बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुकांवर लंबगोलात ‘ई-एल-जी’ अशी अक्षरे असतात.

या ठशांचा आपल्याला काय उपयोग, असे विचाराल. उपयोग असा की ती नळी कोणत्या दारूसाठी तपासली होती ते त्यावरून कळते. पूर्वी सगळे बार काळ्या दारूचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी नवी दारू आली आणि तिच्यासाठी वेगळी चाचणी सुरू झाली. ठशात नव्या दारूचा उल्लेख नसेल तर ती बंदूक फक्त काळ्या दारूची समजावी. आणि ज्या नळीवर पाण्याच्या लाटेसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते, ती लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गुंडाळून जोडलेली असते. दिसायला देखणी, त्या काळच्या लोहारकामाची कमालच म्हणा. पण तिच्या अंगात शेकडो सांधे असतात. शंभर वर्षांत एखाद्या सांध्यात गंज शिरला असेल तर बाहेरून नळी तुकतुकीत आणि आतून कुजकी. अशा नळीतून आजचे काडतूस मारू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. जाणकार कारागिराने तपासून लेखी सांगितले तरच पुढचा विचार. आणि त्यानेही ‘भिंतीवर शोभते’ असे म्हटले तर ऐकावे.

काडतुसाची आणखी एक मेख आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या बारा बोरच्या बंदुकांत काडतुसाची जागा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसापुरती असायची. आज ७० मिलिमीटरचेही काडतूस सर्रास मिळते. गंमत अशी की ते जुन्या बंदुकीत मजेत बसते! कारण काडतुसाची लांबी मोजतात ती तोंड उघडल्यानंतरची. भरलेले काडतूस तोंड दुमडल्यामुळे आखूड असते. बार उडाला की तोंड उलगडते, पुढच्या निमुळत्या जागेत घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि नळीत दाब एकदम चढतो. बसले म्हणजे चालले, हा हिशेब बंदुकीला लागू नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर लांबी छापलेली असते ती वाचा आणि बंदुकीची जागा कारागिराकडून मोजून घ्या. तसेच घरात वीस बोरचे एखादे काडतूस पडलेले असेल तर ते आजच वेगळे करा. बारा बोरच्या नळीत ते घसरून पुढे जाऊन अडकते, मागची जागा रिकामी दिसते, अंधारात माणूस दुसरे काडतूस घालतो, आणि मग नळीबरोबर डावा हातही जातो.

ठासणीच्या बंदुकीत माप हाच सगळा जीव. काळ्या दारूचे माप जिथे आजाने बांबूच्या नळकांड्यावर खूण करून ठेवले असेल, त्याच नळकांड्यात काडतूस फोडून काढलेली नवी दारू भरणारे महाभाग आहेत. काळी दारू दाब वाढला म्हणून फारशी भडकत नाही. नवी दारू मात्र दाब वाढेल तशी अधिक जोराने जळते, आणि तो जोर आणखी दाब वाढवतो. तेवढ्याच मापाने ती बंदूक बाँब होते. फटाक्याची दारू त्याहून वाईट. यात ‘थोडी घालून बघू’ असे काही नसते. दुसरी चूक गज अर्धवट ठासण्याची. दारू आणि बोळा, बोळा आणि छर्रे यांच्यात पोकळी राहिली तर नळी त्याच जागी फुगते किंवा फुटते. गजावर पूर्ण बाराची एक खूण आणि रिकाम्या नळीची एक खूण कायमची करून ठेवली तर बार पुरता बसला का आणि चुकून दुहेरी भरला का, दोन्ही कळते. आणि बार काढल्यावर लगेच नळीत दारू ओतू नका. आत ठिणगी धुमसत असते.

काही ठिकाणी अशी समजूत आहे की बंदूक झाडाला बांधायची, चापाला दोरी लावून लांबून बार काढायचा. टिकली की पास. एकदा टिकली याचा अर्थ एकदा टिकली एवढाच. चिरेतली नळी दहाव्या बारालाही फुटू शकते, आणि तेव्हा ती खांद्यावर असते.

जपणुकीबाबत आपल्या हवेची आठवण ठेवावी लागते. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चार महिने भिंती घामेजलेल्या असतात. पोलादपूरच्या नावातच पोलाद आहे, पण इथल्या हवेत पोलाद टिकवणे हे कौशल्याचे काम. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत नळी खायला लागते. म्हणून ठासणीची बंदूक वापरल्या दिवशीच धुवावी: निपल काढून, कडकडीत पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नुसते तेल फिरवून राख जात नाही, तेलाखाली गंज सुखाने वाढतो. गरम पाण्याने नळीच तापते, त्यामुळे लवकर सुकते. मग कोरडी चिंधी, मग शिलाई मशीनचे पातळ तेल, तेही पुसट. खोबरेल आणि गोडेतेल काही दिवसांनी चिकटते, घोडा जाम होतो. दस्त्याला मात्र अळशीचे तेल हाताने चोळावे, लाकूड जिवंत राहते. उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजत नाही. गोणपाटात गुंडाळून ठेवू नका, चामड्याच्या पिशवीतही नको. दोन्ही ओल धरतात. चुलीवरच्या माळ्यावर कोरडी राहते खरी, पण दस्ता तडकतो. आणि ती भरलेली निघाली तर खाली चूल आहे, हे विसरू नका.

खंडेनवमीला घरोघर शस्त्रपूजा होते. ती व्हावीच. पण आदल्या दिवशी बायाबापड्यांकडून बंदूक चिंच लावून तांब्याच्या भांड्यासारखी घासून घेण्याची पद्धत बंद करा. चिंचेचा आंबटपणा आणि राखेची घासणी यांनी नळीवरचा तपकिरी थर जातो, ठसे पुसले जातात, तीच तर जन्मपत्रिका. पूजेला गंध, कुंकू, झेंडूचे पाणी लावले असेल तर संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा. देवाचा कोप होणार नाही. आणि पूजेला पोरेटोरे भोवती जमतात, बंदूक हातात घेऊन फोटो काढतात. पाटावर ठेवण्याआधी गज सोडून पाहिला होता का, एवढे घरातल्या कर्त्याने स्वतःला विचारावे.

जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरणार नाहीत. सावित्री-गांधारीचे पाणी घराघरांत शिरले. तळियेची दरड कोसळली ती त्याच पावसात. अशा पुरात पाण्याखाली गेलेली बंदूक घरात असेल आणि तिची नंतर फक्त वरून पुसपास झाली असेल, तर ती वापरायची नाही. गाळ चाप-घोड्याच्या पेटीत आणि डबल बारच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली बसतो आणि वर्षानुवर्षे आतून खातो. भिजलेली काडतुसेही वाळवून वापरायची नसतात. जी शस्त्रे पुरात किंवा दरडीत वाहून गेली, गाडली गेली, त्यांची खबर पोलिसांत दिलेली नसेल तर ती द्या. हरवलेले हत्यार दुसऱ्याच्या हाती लागले तर प्रश्न तुम्हाला विचारतील.

कायद्याचे थोडक्यात, कारण यात गैरसमज फार. ‘जुनी आहे, लायसन लागत नाही’ हे चूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुनाट हत्याराला. तुमची ठासणीची बंदूक बार काढते, तर ती बंदूक आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. बंदूक सातबाऱ्यासारखी सामायिकही राहत नाही. परवानाधारक वारला की घरातल्या दुसऱ्या कुणाचाही तिच्यावर हक्क आपोआप चालत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. मग वारसाने, तो २१ वर्षांचा असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मुदतीत कुणी पुढे आले नाही तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. कित्येक घरांत तेराव्यानंतर चार भाऊ चार गावांना जातात आणि बंदूक बंद घरात भिंतीवर. तो सगळा काळ बेकायदा असतो.

याहून बरा मार्ग २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. ७० वर्षे वय झालेला किंवा २५ वर्षे बंदूक बाळगलेला परवानाधारक हयातीतच आपला वारस सुचवू शकतो. म्हातारे माणूस हिंडते-फिरते आहे तोवर हे करून टाका. त्या निमित्ताने बंदुकीच्या खोडीही नातवाला शिकवून होतील. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, आणि राष्ट्रीय नोंदणीतला युआयएन क्रमांक नसलेला परवाना २९ जून २०२० नंतर चालत नाही. जुने पुस्तक उघडून बघा. दुरुस्तीला बंदूक मुलाबरोबर पाठवायची तर परवानाधारकाची लेखी चिठ्ठी द्या. वरातीत किंवा पालखीपुढे हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि पीक राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर आजही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायचे तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी, आणि मारलेले जनावर सरकारचे. वाटे पाडलेत की गुन्हा. नुकसानीची तक्रार वनखात्याकडे ताबडतोब द्या, पंचनामा होईल तेवढी भरपाई पदरात पडते. ती तुटपुंजी असते, उशिरा येते, हे आम्हालाही मान्य आहे. पण म्हणून विजेची तार सोडणे किंवा गावठी बाँब पेरणे हा उपाय नव्हे. त्यात आपलीच गुरे आणि माणसे जातात.

परवानगी हातात आहे, बंदूक कारागिराने पास केली आहे, असे धरू. तरी राखणीची रात्र ही चुकांची रात्र असते. रानडुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतातच. पोटरीतल्या भातात बसलेला माणूस आणि डुक्कर यांची हालचाल अंधारात सारखीच वाटते. खसखस ऐकून किंवा चमकलेले डोळे पाहून बार टाकू नये. पूर्ण जनावर बॅटरीत दिसले पाहिजे, आणि त्याच्या मागे काय आहे तेही. बारीक छर्रे दोनशे मीटरपर्यंत जातात, एकेरी गोळी किलोमीटरच्या आसपासही जाऊ शकते, आणि आपला सगळा मुलूख कातळाचा. दगडावर आपटलेली गोळी कुठे वळेल सांगता येत नाही. माळ्यावरून खाली मातीत मारलेला बार त्यातल्या त्यात बरा. शेजारच्या राखणदाराला आपण कुठे बसणार हे संध्याकाळीच सांगून ठेवायचे आणि मग जागा सोडायची नाही. बांध ओलांडताना, माळ्यावर चढताना टोपी किंवा काडतूस काढलेले हवे. बंदूक खालून तोंडाला धरून वर ओढणारे आजही आहेत, देव त्यांना राखो. बांधावर पाय घसरला आणि नळीच्या तोंडात चिखल गेला तर त्या रात्री बंदूक बंद; बोटभर चिखलाने चांगली नळी फुटते. टोपी फुटली आणि बार उडाला नाही तर तोंड समोरच ठेवून निदान मिनिटभर थांबा, बार उशिरा उडण्याचा प्रकार ठासणीच्या बंदुकीत नेहमीचा. दिवाळीनंतर रान सुकले की काथ्याचा धुमसता बोळा गवतात पडून वणवा लागतो, तिथे पाय फिरवून या. आणि घोटभर घेऊन राखणीला जायचे नाही. यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी.

आता शासनाकडे आमचे मागणे. आपली व्यवस्था कागद उत्तम तपासते. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा होतात. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या प्रकरणात सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करण्याचा आदेश रद्द ठरवला आणि छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा असे सांगितले. तरी राखणीच्या हंगामात बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात, हा अनुभव शेतकरी सांगतात. कर्नाटकातील कोडगूत जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातूनच सूट आहे, ती केंद्राने २०१९ मध्ये २०२९ पर्यंत वाढवली. आमची तशी मागणी नाही. परवाना असावा, कडक असावा. पण नूतनीकरणाच्या वेळी नंबर जुळवणारा कारकून नळीत डोकावत नाही, आणि त्याने डोकावून त्याला काही कळणारही नाही. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट नव्या नियमांत आहे. पोलादपूरच्या शेतकऱ्याने त्यासाठी आणि कारागिरासाठी जायचे कुठे? अलिबागला जाऊन यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर एका दिशेला, म्हणजे एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी.

जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी पावसाळा संपताच, भातकापणीच्या आधी, महाड आणि पोलादपूर येथे एकेक दिवसाचे शिबिर घ्यावे. परवानाधारक कारागीर बोलवावा. त्याने प्रत्येक नळी मोजून, आतून दिवा घालून पाहावी आणि ‘वापरण्यायोग्य’ किंवा ‘वापरू नये’ असा लेखी शेरा द्यावा. त्याच मांडवात तहसील कचेरीचा माणूस वारसाचे अर्ज भरून घेईल, वनखात्याचा माणूस परवानगीची रीत सांगेल. ‘वापरू नये’ असा शेरा आलेल्या बंदुकीचे काय करायचे, ती निकामी करून आठवण म्हणून घरात ठेवता येते का, त्याचा अर्ज कुठे द्यायचा, हेही तिथेच सांगावे. नाहीतर लोक ती शिबिराला आणणारच नाहीत. खर्च म्हणाल तर एका कारागिराचा दोन दिवसांचा मेहनताना आणि मांडव. शिबिर होईपर्यंत, शेतकरी बांधवांनो, बंदूक भिंतीवरून खाली काढलीत तर आधी गज सोडून पाहा.